स्वतःची वाट मोकळी झाल्यावर

लंडनच्या होबर्न भागात ‘युनाइट’ या कामगार संघटनेची कचेरी आहे. रविवारी आजूबाजूच्या कचेऱ्यांना कुलपं असतात, पण इथे घरकामगार बायकांचे वर्ग भरत आले. कुणी फिलिपिन्सची, कुणी इंडोनेशियाची, कुणी भारतातली. आठवडाभर मालकांच्या घरी स्वयंपाक, धुणं, मुलं, म्हातारी माणसं सांभाळायची आणि हातात आलेल्या एका सुटीत इंग्रजी, संगणक आणि स्वतःचे हक्क शिकायचे. वर्ग चालतात स्वयंसेवकांच्या बळावर. हे सगळं उभं करण्यात पुढे होत्या मारिसा बेगोनिया, स्वतः घरकाम करणाऱ्या.

तीन लहान लेकरं फिलिपिन्समध्ये ठेवून त्या कामासाठी बाहेर पडल्या. सिंगापूर, हाँगकाँग आणि 2004 मध्ये लंडन. 2009 मध्ये सोबतिणींना घेऊन त्यांनी ‘जस्टिस फॉर डोमेस्टिक वर्कर्स’ ही संघटना सुरू केली. आता तिचं नाव ‘द व्हॉइस ऑफ डोमेस्टिक वर्कर्स’.

वर्ग घेणं हा त्यातला सोपा भाग. कुणाचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, कुणाला दाराबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही, कुणाचा पगार थकलेला. अशा बाईला त्या घरातून सुखरूप बाहेर काढायचं, रात्रीपुरतं तरी छप्पर द्यायचं, पुढे वकिलापर्यंत न्यायचं. हे ज्या करतात, त्यांनाही सोमवारी सकाळी दुसऱ्याच्या घरी कामावर हजर व्हायचं असतं. समाजसेवा ही हाताशी वेळ आणि पैसा असलेल्यांनी करायची गोष्ट, असं आपण उगीच धरून चालतो.

बेगोनिया ब्रिटनमध्ये आल्या तेव्हाचा नियम बरा होता. मालक छळत असेल तर दुसरं घर धरता येई, व्हिसा दरवर्षी वाढे आणि काही वर्षांनी कायम राहण्यासाठी अर्ज करता येई. एप्रिल 2012 मध्ये सरकारने हे बंद केलं. नव्याने येणाऱ्या बाईला सहाच महिन्यांचा व्हिसा, तोही एकाच मालकाला बांधलेला. आधी आलेल्यांचे हक्क मात्र शाबूत राहिले.

म्हणजे नव्या नियमाची झळ बेगोनियांना नव्हती. गरज सरो, वैद्य मरो, या चालीने त्या बाजूला झाल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. पण संघटना जुना नियम परत आणण्यासाठी भांडत राहिली, तीही प्रामुख्याने पुढे येणाऱ्या अनोळखी बायकांसाठी. आपल्याला मिळालं ते मागून येणारीलाही मिळालं पाहिजे, यासाठी स्वतःची एकुलती सुटी खर्ची घालणं, हे मला त्यांच्या नेतृत्वातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

2016 मध्ये सरकार थोडं नमलं. मालक बदलायची परवानगी मिळाली, पण सहा महिन्यांची मुदत सामान्यतः तशीच राहिली. चार महिने मार खाऊन एखादी बाई बाहेर पडली, तर उरलेल्या दोन महिन्यांसाठी तिला कामावर कोण ठेवणार? ज्या घरात लहान मूल सोपवायचं आहे, तिथे पाहुणीसारखी येणारी बाई कुणालाच नको असते. म्हणून ती निमूट सोसत राहते, किंवा मुदत संपल्यावर लपून काम करते, आणि मग पोलिसांत जायचीही भीती वाटते. संघटनेचं मागणं एवढंच आहे, की व्हिसा पूर्वीसारखा वाढवता यावा.