ओळख आणि उमेदवारी

गुजरातीत एक म्हण आहे. सुरतेत तीन-चार पिढ्या काढलेल्या मराठी माणसाला ती भाषांतर करून सांगावी लागत नाही : 'ओळखाण ए सौथी मोटी खाण छे.' सर्वांत मोठी खाण कोणती, तर माणसांची ओळख. जगातल्या हिऱ्यांचा फार मोठा भाग ज्या शहरात पैलू पाडून घेण्यासाठी येतो, त्या शहराने ही म्हण जपावी हे साहजिकच आहे. येथला व्यापार शब्दावर चालतो. कागदाच्या पुडीतला लाखोंचा माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो ओळखीच्या भरवशावरच. तेव्हा ओळखीची थोरवी नाकारण्याचा आमचा उद्देश नाही. परंतु खाण म्हटली की ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न उभा राहतो. शिक्षण पुरे करून, किंवा करता करता, पहिल्या कामाच्या अनुभवासाठी दारोदार फिरणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हा प्रश्न आज नीतीचा प्रश्न झाला आहे. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आज ज्याला सर्रास इंटर्नशिप म्हणतात, त्याला आपल्या भाषेत उमेदवारी हा जुना शब्द आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत जागा रिकामी होण्याची वाट पाहत, नकला उतरवीत, दप्तरे बांधीत बिनपगारी बसणारा तरुण तो उमेदवार. पुढे कायद्यानेही 'शिकाऊ उमेदवार' असा शब्द स्वीकारला. या एका शब्दात दोन गोष्टी सामावल्या आहेत : शिकणे आणि वाट पाहणे. शिकणे हा उमेदवाराचा लाभ. वाट पाहणे ही त्याने मोजलेली किंमत. लाभ सर्वांना सारखाच दिसतो. किंमत मात्र ज्याच्या घरी दोन वेळची चूल निर्वेध पेटते त्याला हलकी वाटते आणि ज्याच्या घरी तो स्वतःच चुलीचा आधार असतो त्याला न परवडणारी.

पूर्वी उमेदवारी ही बहुधा घरातलीच बाब असे. रंगाऱ्याचा मुलगा बापाच्या हाताखाली रंग शिके, सोनाराचा मुलगा भात्याजवळ बसे. सुरतेच्या हिरा उद्योगातही आजवर हेच चालत आले आहे. सौराष्ट्रातून आलेला मुलगा मामाच्या नाहीतर गावकऱ्याच्या शेजारी घंटीवर बसतो आणि हात बसला की कमावू लागतो. या पद्धतीने हजारो घरे उभी केली, हे विसरून चालणार नाही. नवख्या माणसाच्या हाती मौल्यवान माल देताना धन्याला कोणीतरी जामीन हवा असतो आणि नातेवाईक हा फुकट मिळणारा जामीन असतो. वकिलाच्या कचेरीत किंवा चार्टर्ड अकाउंटंटच्या आर्टिकलशिपमध्येही अशिलांची गुपिते हाताळायची असतात. तेथेही 'कोणाचा कोण' हे विचारले जाते. ओळखीच्या बाजूने जे सर्वांत प्रामाणिक म्हणणे मांडता येईल ते हेच : ओळख ही खात्री आहे.

हे म्हणणे मान्य करूनही एक भेद केला पाहिजे. ओळख दोन गोष्टी सांगू शकते. 'हा मुलगा मेहनती आहे, त्याचे काम मी पाहिले आहे' ही एक. 'हा माझ्या मेहुण्याचा मुलगा आहे' ही दुसरी. पहिलीत माहिती आहे. ती धन्याच्या उपयोगाची आहे आणि सांगणाराही आपल्या शब्दाला बांधला जातो. दुसरीत उमेदवाराविषयी काहीही नाही; तिच्यात सांगणाऱ्याचे वजन तेवढे आहे. व्यवहारात दुसरी शिफारस पहिलीचा वेष घेऊन येते. आपण 'मुलगा चांगला आहे' असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा 'मुलगा आपला आहे' एवढेच म्हणायचे असते. येथे असत्याचा प्रवेश होतो आणि तो इतक्या सौजन्याने होतो की, कोणालाच खटकत नाही.

कोणी म्हणेल, आपल्या मुलाची सोय पाहणे हा अन्याय कसा? प्रश्न रास्त आहे. बापाने मुलासाठी चार माणसांना विचारावे यात पाप नाही. न विचारणारा बाप उलट निष्काळजी ठरेल. परंतु जागा मोजक्या असतात. एका कचेरीत उन्हाळ्यात दोन उमेदवार सामावत असतील आणि ते दोन्ही शब्दावर ठरत असतील, तर तिसऱ्याने केलेला अर्ज कोणी उघडूनही पाहत नाही. आपली जागा कोणी घेतली हे त्या तिसऱ्याला कधीच कळत नाही. परीक्षेत नापास झालेल्याला निदान गुणपत्रिका मिळते. याला काहीच मिळत नाही. ज्या अन्यायाला बळी पडलेल्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, तो करणे फार सोपे असते.

यात अलीकडे एक नवी भर पडली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांतच इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले. पुस्तकी शिक्षणाला कामाची जोड मिळावी हा त्यामागचा हेतू उत्तमच आहे. परंतु त्यातली विसंगती पाहावी. विद्यापीठ परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्याचे नाव झाकते, त्याच्या जागी बैठक क्रमांक लिहिते. हेतू हा की, तपासणाऱ्याला आडनाव, जात, घराणे कळू नये. आणि तेच शिक्षण पुढच्या पायरीवर विद्यार्थ्याला सांगते की, जा, आपल्या नावावर जागा मिळवून आण. जे झाकण्यासाठी एवढी व्यवस्था केली तेच येथे उघडे पडते. ओळख ही पदवीपर्यंत बाहेर होती. ती आता पदवीच्या आत शिरली आहे.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. सुरतेच्याच एका सुपुत्राने तो सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवला आहे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) हे सुरतेच्या सुतार घराण्यात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासले गेले, तो डाग काढणारे गज्जर ते हेच. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात १८९० साली त्यांनी कलाभवन उभारले. रंगकाम, सुतारकी, यंत्रकाम अशी जी विद्या तोवर बापाकडून मुलाकडे जात होती, ती त्यांनी शाळेच्या वर्गात आणली. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे १९०७ साली बडोद्यात अलेम्बिकचा कारखाना निघाला, त्यात गज्जरांबरोबर त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि अमीन होते. एक मराठी, एक गुजराती. दोघांना जोडणारा धागा नात्याचा नव्हता, प्रयोगशाळेतल्या कामाचा होता. घराणे मागे ठेवून कामातून ओळख निर्माण करता येते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला सापडणार नाही.

आता मोबदल्याविषयी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने विद्यावेतन देणे बंधनकारक केले. २०१९ पासून तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे झाले. त्याहून लहानांना ते ऐच्छिक ठेवले. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना पाचशे मोठ्या कंपन्यांत उमेदवारी देण्याची योजना जाहीर झाली. तिच्यात दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला आठ लाखांची मर्यादा ठरवली होती. ज्याला ओळख नाही त्याला दार असावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. परंतु सुरतेचे काम मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती पेढ्या, लहान कारखाने, कापड बाजारातल्या दुकानांतून अधिक चालते. तेथे सरकारची योजना पोहोचली नाही तरी तुमच्या-आमच्या नीतीला पोहोचता येते. 'शिकायला मिळते आहे, पैसे कशाला?' असे विचारणाऱ्याने एक हिशेब करावा. उमेदवाराने महिनाभरात केलेल्या कामासाठी दुसरा माणूस ठेवावा लागला असता का? असता, तर उमेदवाराने शिकता शिकता काही दिलेही आहे आणि त्याचे मोल बुडवणे बरे नव्हे. नसता, तरी त्याचे जाण्यायेण्याचे भाडे आणि दुपारचे जेवण एवढा भार पेढीने उचलला तर ती बुडत नाही. तेवढ्यानेही गरिबाच्या मुलासाठी दार उघडे राहते.

मात्र दार उघडणे पुरेसे नाही, हा धडाही याच परिसरात मिळालेला आहे आणि तो कटू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोदा संस्थानाने १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परत येऊन दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी असा करार होता. करार पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्यास आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांना उमेदवार म्हणून नेमले गेले. पुढचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन त्यांना बाहेर काढले. ज्यांच्याकडे आसरा मागितला त्यांनी सबबी सांगितल्या. कामाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली आणि मुंबई गाठली. त्यांची विद्या निर्विवाद होती, नेमणूक खुद्द महाराजांची होती. संस्थानात याहून मोठी ओळख कोणाची असणार? तरीही उमेदवाराला उभे राहायला जागा मिळाली नाही, कारण ती जागा राजाच्या हुकुमाने मिळत नाही. ती शेजारच्या टेबलावरची, शेजारच्या घरातली माणसे देतात किंवा नाकारतात.

हे सारे आपल्याला लागू कसे होते, ते सांगून संपवतो. सुरत, नवसारी, बडोदा येथे स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी बहुतेकांत एक हकीकत सांगतात : आजोबा किंवा पणजोबा आले तेव्हा कोणाचे तरी पत्र त्यांच्या खिशात होते, किंवा कोणीतरी स्टेशनवर उतरवून घेतले, कचेरीत नेऊन बसवले. त्या ओळखीची किंमत आपल्या पूर्वजांनी त्या माणसाला परत केली नाही. तशी ती परत करताही येत नाही. ती पुढे द्यायची असते. आज लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली लाखो मराठी माणसे राहतात. त्यांची मुले महापालिकेच्या मराठी शाळेतून निघून वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची पदवी घेत आहेत. भाषा आपलीच, परंतु त्यांच्या घरात ना कोणी वकील, ना कोणी हिशेबनीस, ना कोणी कारखानदार. आणि भाषेचे नाते तरी शेवटचे का मानावे? ओडिशातून, बिहारमधून आलेल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीलाही पहिला अर्ज कोणाकडे करायचा हा प्रश्न तितकाच पडतो.

आमची सूचना साधी आहे. आपल्यापैकी ज्यांची पेढी, दवाखाना, कचेरी वा कारखाना आहे त्यांनी वर्षातून एक जागा अशा उमेदवारासाठी ठेवावी, जिच्यासाठी कोणाचा फोन चालणार नाही. ती जागा नीट जाहीर करावी. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला, नाकारलेल्यालाही, दोन ओळींचे उत्तर द्यावे. उमेदवाराला खरे काम द्यावे, चहा आणण्याचे नव्हे. आणि शेवटी त्याने काय केले हे नेमके सांगणारे पत्र हातात द्यावे. ज्यांच्याजवळ पेढी नाही, त्यांच्याजवळ शब्द आहे. तो आपल्या नातवासाठी खर्च करावा, त्यास हरकत नाही. पण शेजारच्या वस्तीतल्या ज्या मुलाचे काम स्वतः पाहिले असेल, त्याच्यासाठीही एकदा खर्च करून पाहावा.

खाणीतून काढलेला हिरा कमी होतो. ओळख मात्र दुसऱ्याला दिली तरी देणाऱ्याकडची सरत नाही. ती सरेल या भीतीने आपण तिच्यावर पहारा करतो, एवढेच.