सारथ्यावाचून रथ

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पी येथे, सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीखाली सापडून मृत्यू पावली, आणि ज्यावर आपल्याकडे शतकानुशतके खल चालत आला आहे तो कर्तृत्वाचा प्रश्न फौजदारी दप्तरात दाखल झाला. चौकशीत असे निष्पन्न झाले, की आघातापूर्वी ५.६ सेकंद यंत्राला ती आकृती दिसली होती, परंतु तिला कधी मोटार, कधी सायकल, कधी अन्य वस्तू ठरवीत ते राहिले, कारण ठरीव जागा सोडून रस्ता ओलांडणारा मनुष्य ही कल्पनाच त्याला दिलेली नव्हती (पुण्यात त्याला दुसरी कोणती कल्पना द्यावीच लागली नसती!), देखरेखीस बसविलेल्या बाईंची नजर मोबाइलवर होती, आणि मोटारीचा मूळचा आणीबाणीचा ब्रेक कंपनीनेच बंद ठेविला होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा व दैव. येथे चार सापडतात. कर्ता तेवढा फरारी. यंत्र मद्य पीत नाही, त्याला डुलकी लागत नाही, अंधाला ते कोणाच्या मिनतवारीवाचून हिंडवील, हे लाभ मी क्षुल्लक मानीत नाही. तथापि ज्याला पश्चात्ताप होऊ शकत नाही त्याच्या नावे सारथ्याचे मुखत्यारपत्र करून देताना दोषाचा वारसदार कोण, हे आधी ठरावयास हवे. ॲरिझोनात ते मागाहून ठरले: कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही, आणि २०२३ साली त्या बाईंनी गुन्हा कबूल करून तीन वर्षांचे प्रोबेशन पत्करले.