हलाल ताट आणि लपवलेला घटक

युरोप-अमेरिकेतील लहान कारखान्यांत बनणाऱ्या ‘क्राफ्ट बिअर’मध्ये सातू-गव्हाखेरीज दुधातील साखर, शेंगदाणे, कालवेही घातले जातात. ज्याला अशा पदार्थाची ॲलर्जी असते, त्याचा घसा सुजून श्वास कोंडू शकतो. म्हणून युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार १४ ॲलर्जीकारक पदार्थांची सूचना मद्यावरही सक्तीची आहे. अमेरिकेने २००६ मध्ये ती उत्पादकाच्या मर्जीवर सोडली; सक्तीचा प्रस्ताव आला तो जानेवारी २०२५ मध्ये.

आपण म्हणाल, मद्य हराम; त्याच्या लेबलशी आपला काय संबंध? मद्य हरामच आहे, खरे लेबल त्याला हलाल करीत नाही. पण उलटही विचारा: वस्तू हलाल असली म्हणून तिच्याविषयीचे आपले मौन निर्दोष ठरते काय?

सहीह मुस्लिममध्ये प्रसंग आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसवणाऱ्याशी नाते नाकारले. धान्य हलाल होते. दोष लपवण्यात होता.

आपल्या वलीम्याच्या कोरम्यात काजूचे वाटण असते. पाहुण्याने विचारले, तर “काही होत नाही, बिस्मिल्लाह करा” असे म्हणून टाळू नका, विचारण्यापूर्वीच सांगा. बिस्मिल्लाहने बरकत मिळते, पण पाहुण्याच्या जिवाची अमानत खरे सांगूनच अदा होते.