चौथी खोली

आमच्या जैन शास्त्रात बाह्य परिग्रहाचे, म्हणजे जवळ धरून ठेवलेल्या मालमत्तेचे, दहा प्रकार सांगितलेत. पहिलं क्षेत्र, म्हणजे शेतजमीन. लगेच दुसरी वास्तू, म्हणजे घर. सोनंनाणं, धनधान्य, कापडचोपड, भांडीकुंडी हे सगळं त्याच्या मागून येतं. हयातभर शाळेत गणित शिकवल्यामुळे असेल, पण यादीतला क्रम मला उगाच वाटत नाही. खोलीतली भांडी बाहेर काढली तरी खोली उरतेच, आणि यादीत ती भांड्यांच्या कितीतरी वर आहे. मग पाहुण्यांसाठी म्हणून मोकळी राखलेली खोली हा त्याग म्हणायचा, की जरा उंची परिग्रह? दशलक्षण पर्वात मंदिरात शास्त्र वाचायला येणाऱ्या पंडितजींना मी हे विचारलं. ते म्हणाले, "बाई, आधी अडगळ तर काढा." उत्तर म्हणून ही टाळाटाळ होती; सल्ला म्हणून वाईट नव्हता.

सांगलीत विश्रामबागेत आमचं चार खोल्यांचं घर. चौथी मागच्या अंगाला, परड्याकडे खिडकी असलेली. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, हळदीची अडत होती. पेढी उठली तेव्हा पेढीवरचं सगळं या खोलीत आलं: लाल कापडात बांधलेल्या चोपड्या, रोजकिर्दी, खतावण्या, तागडी, वजनं, पोती शिवायचे दाभण. त्यावर सासूबाईंनी शिवलेल्या वाकळींचा ढीग. त्यावर आहेरात आलेले, कागदही न फाडलेले स्टीलचे सेट. मुलाची व्यायामाची सायकल, त्याची इंजिनिअरिंगची पुस्तकं, टीव्हीचं रिकामं खोकं (वॉरंटी संपून टीव्हीसुद्धा गेला, खोकं आहे), आणि माझ्या शाळेतल्या तक्त्यांच्या गुंडाळ्या. दार उघडलं की सगळ्यांत आधी हळदीचा वास यायचा.

याला नुसता पसारा म्हणून हिणवायला मला आवडत नाही. हळदीच्या धंद्यात साठवण हा दोष नव्हता, ते कसब होतं. इथून जवळ हरिपूरला जमिनीच्या पोटात पेवं असत. त्यात हळद उतरवून तोंड बंद केलं की माल वर्षानुवर्षं टिकायचा, कीड लागायची नाही, आणि भाव आला की पेव फुटायचं. २००५ च्या पुरानं त्यातली बरीचशी गेली. पण ज्या माणसानं उभं आयुष्य पेवांवर काढलं, त्याच्या घरात 'ठेवून दे, लागेल' हे वाक्य धर्मवचनासारखंच बोललं जाणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर चढली तेव्हा गावभागातले आमचे नातेवाईक नेसत्या कपड्यांनिशी आमच्याकडे आले. माणसं हॉलमध्ये सतरंजीवर झोपली आणि रद्दी खोलीत, पंख्याखाली. त्या वेळी कुणालाच यात वावगं वाटलं नाही, पाहुण्यांनाही नाही. त्यांच्याही घरी तशी एक खोली होती, आणि ती पाण्यात होती.

यंदा बेळगावची भाची, तिचा नवरा, तिच्या सासूबाई आणि दोन वर्षांचं पोरगं असे सगळे महिनाभर राहायला येणार ठरलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत व्हायचं होतं. आता हॉलमधली सतरंजी चालणार नव्हती.

आवरायला घेतलं आणि पहिली अडचण अहिंसेची आली. चोपड्यांत कसर, खोक्यामागे झुरळं, कोपऱ्यात कोळी, खिडकीच्या चौकटीत पालीची अंडी. आपण जिला बंद खोली म्हणतो ती भरल्या वस्तीची असते. ह्यांनी सुचवलं, औषध मारणारा माणूस बोलवू. पाहुणे यावेत म्हणून राहत्यांना मारायचं? गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य. घरकामात अटळपणे होते ती आरंभी, तिची सवलत आहे, पण जपून. फवारा हा माझ्या मते सरळ संकल्प आहे. मग मऊ केरसुणीनं, एकेक चोपडी परड्यात नेऊन उन्हात उघडायची, झटकायची नाही, असं चाललं. वेळ फार लागला. सगळे जीव वाचले असं मी म्हणणार नाही. पण त्या संथपणामुळे वेगळंच एक घडलं: चोपड्या वाचल्या गेल्या.

हे पायरीवर बसून नावं वाचत होते. अमक्याकडे इतकं येणं, तमक्याकडे इतकं. कवलापूर, कसबे डिग्रज, तुंग, समडोळी. माणसं केव्हाच गेलेली, काहींची नातवंडं माझ्या वर्गात बसलेली. कागदाला किंमत शून्य, कायद्यानं वसुलीही शून्य. तरी ह्यांचा आवाज 'येणं' या शब्दापाशी किंचित चढत होता. तेव्हा मला वाटलं, आपण गेली कित्येक वर्षं कागद जपले नव्हते, येणं जपलं होतं. संध्याकाळी ह्यांनी दिवाळीच्या पूजेची शेवटची एक चोपडी काढून घेतली आणि बाकीच्या रद्दीत दिल्या. तागडी मात्र द्यायला तयार होईनात. ती आता तुळशीपाशी टांगली आहे.

दशलक्षणात आठव्या दिवशी उत्तम त्याग येतो आणि नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य, म्हणजे 'माझं काही नाही' हा भाव. लहानपणापासून मला हा प्रश्न होता की वस्तू दिल्यावर आणखी काय उरतं, ज्यासाठी वेगळा दिवस लागावा. बहुतेक तेच येणं.

अतिथी म्हटलं की आमच्या घरात पहिला विचार मुनींचा. सकाळी शुद्ध वस्त्रात, हातात कलश घेऊन दारात उभं राहायचं, पडगाहन करायचं, म्हणजे त्यांना आदरानं आहाराला बोलवायचं. मुनी मनाशी एखादा नेम धरून निघालेले असतात. तो जुळला तर थांबतात, नाहीतर पुढच्या दाराकडे वळतात. थांबले तर उभ्यानं, ओंजळीत, दिवसातून एकदाच आहार आणि पाणीही तेव्हाच. मग परत वसतिकेकडे. म्हणजे ज्याच्याहून मोठा पाहुणा नाही, त्याला आमच्या गादीची, उशीची, मोबाइल लावायच्या प्लगची काडीइतकीही गरज नाही. घर आवरण्यासाठी तो आपल्याला काही निमित्तच देत नाही. निमित्त देतात ते खालच्या पायऱ्यांवरचे. शास्त्रात पात्रांच्या पायऱ्या आहेत: उत्तम मुनी, मध्यम व्रती श्रावक, आणि जघन्य म्हणजे व्रत नसलेला पण श्रद्धा खरी असलेला. भाची ओढूनताणून तिसऱ्या पायरीवर बसेल. जावई बाहेर ऑम्लेट खाऊन येतात हे मला माहीत आहे, त्यांना कुठे बसवू?

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अतिथिसंविभागाला, म्हणजे अतिथीला वाटा देण्याच्या व्रताला, वैयावृत्य म्हटलंय, म्हणजे सेवा. तिथे चार दानं येतात ती आहार, औषध, उपकरण आणि आवास. एरवी आपण अभय धरून चार मोजतो. त्यांनी राहायला जागा देणं हे स्वतंत्र मोजलं. त्यांच्याही डोळ्यांसमोर साधूच होते, हे मी झाकून ठेवत नाही. पण ओळ वाढवायला आमच्याकडे आधार आहे. कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली. त्या पोरांच्या पोटासाठी कर्मठ जैन घरातल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पोरांची पायरी ठरवत बसल्या असत्या तर चूल पेटली नसती. शास्त्राचा अर्थ कधीकधी पंडितांच्या आधी बायका लावतात.

अतिथिसंविभागाचे जे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे डाग सांगितलेत, त्यातले पहिले दोन हिरव्या पानावर अन्न ठेवण्या-झाकण्याचे आहेत, ते सोडू. पुढचे मात्र आमची चौथी खोली बघून लिहिलेत असं वाटावं. त्यातला एक परव्यपदेश: द्यायचं नसलं की वस्तू दुसऱ्याची आहे असं सांगणं. मी म्हणायची, सायकल मुलाची आहे, तो येऊन बघेल. हे म्हणायचे, चोपड्या अण्णांच्या, मी कोण टाकणार? वाकळी सासूबाईंच्या. स्टीलचे सेट 'कुणाच्या तरी लग्नात द्यायला' म्हणजे भावी नवरा-नवरीचे. मुलाला पुण्याला फोन लावला तर तो म्हणाला, "आई, टाक की, मला कशाला विचारायलीस?" म्हणजे खोलीतलं काहीच कुणाचं नव्हतं, आणि म्हणूनच हलत नव्हतं. आपलं म्हणून धरून ठेवलेलं सोडता येतं एखादे वेळी. दुसऱ्याचं म्हणून धरलेलं सोडायला माणूसच सापडत नाही.

दुसरा मात्सर्य, दुसऱ्या दात्याशी चढाओढ. माझ्या जाऊबाईंकडे पाहुण्यांच्या पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवतात. अधिक लिहीत नाही. तिसरा कालातिक्रम, वेळ टाळणं. त्याचं आमच्याकडचं नाव 'दिवाळीनंतर बघू'.

खोली लावताना मला पलंग हवा होता. भाची फोनवर म्हणाली, "मामी, पलंग नको, पोरगं पडतंय. गादी खालीच टाक." पण तिच्या सासूबाईंना गुडघ्यामुळे खाली बसता येणार नव्हतं. एकाला जमीन हवी, एकीला उंची. शेवटी खिडकीकडच्या भिंतीला उंच, टणक लोखंडी कॉट आणि उरलेल्या जागेत वाकळी पसरून बिछाना. वाकळी धुतल्यावर त्यात माझ्या सासूबाईंच्या इरकलींचे तुकडे ओळखू आले. खालचे प्लग झाकले, गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर गेला, टेबल कोपऱ्यांसकट बाहेर गेलं. भिंतीला दोन उंचीवर खुंट्या मारल्या, खालची पोराच्या हाताला येईल अशी. बाथरूममध्ये उंच स्टूल आणि धरायला भिंतीत दांडा. मच्छरदाणी. रात्रीचा बारका दिवा. कपाटाचे दोन कप्पे पूर्ण रिकामे ठेवले, आणि सगळ्यांत अवघड गेलं ते हेच. रिकामा कप्पा दिसला की माझा हात काहीतरी ठेवायला आपोआप जातो.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी मी त्या खोलीत नुसतीच जाऊन बसले. इतकी मोकळी जागा आमच्या घरात मी कधी पाहिली नव्हती. मला ती फार आवडली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे तीन बॅगा, वॉकर, डायपरचं पुडकं, खिडकीच्या गजांना बांधलेली दोरी आणि दोरीवर लंगोट. पोरानं खालची खुंटी सोडून भिंतीवर मेणखडूनं काहीतरी लांबलचक काढलं. भाचीनं कॉट सरकवून दाराकडे घेतली, कारण सासूबाईंना रात्री उठताना सोपं. तिचं बरोबर होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "अगं, मी मुद्दाम तिकडे ठेवली होती." म्हणजे 'येणं' या शब्दापाशी ह्यांचा जसा आवाज चढला, तसा माझा कॉटपाशी. खोली मी दिली होती, आणि तिची मांडणी माझ्या नावावर राखून ठेवली होती. शिवाय, पाहुण्यांनी एकदा तरी म्हणावं की मामी, किती छान केलीस, हे येणंही मी मनात लिहून ठेवलं होतं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली आहे, म्हणजे वस्तू नाही, वस्तूवरची आसक्ती. सूत्र ऐकलं की चतुर माणसाला लगेच पळवाट दिसते: मग वस्तू भरपूर ठेवू, फक्त आसक्ती नको. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत ही शंका आधीच घेतली आहे आणि उत्तरही दिलंय, की बाहेरची वस्तू मूर्च्छेला कारण होते, म्हणून तीही सुटत नाही. पेववाल्यांसाठी एवढं पुरे. माझ्यासारख्या आवरणाऱ्या बायकांसाठी थोडं पुढे जावं लागेल. अडगळ असताना त्या खोलीवर माझा जीव नव्हता. मी तिचं दारसुद्धा उघडत नव्हते. जीव जडला तो मोकळी झाल्यावर. नीटनेटक्या माणसाला अपरिग्रही समजण्याची पद्धत आहे, हल्ली तर मोकळ्या भिंतींचे फोटो काढून ती साधना म्हणून दाखवतात. मला ते पटत नाही. अडगळवाल्याला पाहुण्याची एक बॅग जास्त झाली तर कळणारही नाही; मोकळ्या भिंतीवाल्याला मेणखडूची रेघ रात्रभर झोपू देणार नाही.

कॉट दाराकडेच राहिली. ऑपरेशन नीट झालं, भाचीच्या सासूबाई वॉकर धरून परड्यापर्यंत जाऊ लागल्या, पोरानं तुळशीपाशी टांगलेल्या तागडीत कोथिंबीर तोलली. जावई रोज सकाळी माझ्या आधी उठून आपल्या आईला अंघोळीला नेत, पाय चोळून देत. वैयावृत्य म्हणतात ते साक्षात हेच, आणि करणारा ऑम्लेटवाला. पायऱ्यांचा विषय मी तिथेच सोडला.

पाहुणे गेल्यावर ह्यांनी परिग्रहपरिमाणाचा कागद काढला. समंतभद्रांनी या व्रताला इच्छापरिमाण असंही म्हटलंय. आपल्या इच्छेला आपणच हद्द घालून घ्यायची. शेत इतकं, सोनं इतकं, खोल्या इतक्या. ह्यांनी 'खोल्या: तीन' लिहिलं. मी विचारलं, चौथी? म्हणाले, ती येणाऱ्याची. पंडितजींना दाखवलं तर ते हसले, आणि म्हणाले, घराचा उतारा तुमच्या नावावर असताना हे हिशेबात बसत नाही. लिहायच्या तर चार लिहा आणि मूर्च्छा सोडा. हे म्हणाले, चार लिहिल्या की ती परत भरते, मला माझा स्वभाव माहीत आहे. दोघांचंही पटण्यासारखं आहे, त्यामुळे वाद मिटलेला नाही. कागदावर तीन आहेत. घरपट्टी चारही खोल्यांची येते, आणि मार्चअखेर मीच रांगेत उभी राहून ती भरते.