ध, मा आणि 'असा समज आहे'

तासगाव असो की वाळवा, खटाव असो की कोरेगाव, तलाठ्याच्या टेबलासमोर एक वाक्य अधूनमधून ऐकू येतेच : "भाऊसाहेब, उताऱ्यावर ध चा मा झालाय." बोलणाऱ्याच्या हातात चार घड्या घातलेला सातबारा असतो. आजोबांचे नाव बाबू. जुन्या मोडी फेरफारात ते बाबूच आहे, पण पुढे कुणीतरी उतरवून घेताना ब चा प झाला आणि आजोबा बापू झाले. त्या एका अक्षरापायी वारसनोंद अडली, वारसनोंदीपायी सोसायटीचे कर्ज अडले. भाऊसाहेब उतारा खालीवर करून पाहतात आणि अर्जाचा मायना सांगतात : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५, लेखनप्रमाद दुरुस्ती.

एकाच गोष्टीला इथे दोन शब्द वापरले गेले. तोंडातला 'ध चा मा' आणि अर्जावरचा 'लेखनप्रमाद'. अर्जावरचा शब्द बरोबर आहे. प्रमाद म्हणजे नजरचूक, हाताची चूक. ज्याने केली त्याच्या मनात काही नव्हते. ध चा मा ही चूक नव्हती. ती मुद्दाम केलेली खाडाखोड होती, आणि सांगितले जाते त्यावर विश्वास ठेवायचा तर तिच्यामुळे अठरा वर्षांच्या पोराचा जीव गेला. कायद्यात या दोन गोष्टींची घरे वेगळी आहेत. एकीसाठी अर्ज, दुसरीसाठी फौजदारी. मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात मात्र दोन्ही एकाच घरात नांदतात. वर्तमानपत्रात बातमीतले आडनाव चुकले तरी ध चा मा, मोबाइलने भलताच शब्द उमटवला तरी ध चा मा, लग्नपत्रिकेत वराच्या वडिलांचे नाव बदलले तरी ध चा मा.

नजरचुकीसाठी चिनी भाषेत वेगळा वाक्प्रचार आहे, आणि तोही अक्षरांचाच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध झालेल्या 'ल्यूश चुनचिउ' या ग्रंथात ऐकीव गोष्टींची पारख कशी करावी याला वाहिलेले एक प्रकरण आहे. त्यात कन्फ्यूशियसचा शिष्य त्सश्या याची गोष्ट येते. जिन राज्याकडे जाताना वाटेत वेई राज्यात त्याला कुणीतरी इतिहासाची पोथी वाचताना भेटला. जिनच्या सैन्याने तीन डुकरांसह नदी ओलांडली, असा त्या वाचनाचा अर्थ निघत होता. त्सश्या म्हणाला, हे चुकले आहे. तीन डुकरे नव्हेत, हे 'जी-हाय' या दिवसाचे नाव आहे. चिनी लिपीत 'जी' हे अक्षर तीन या आकड्यासारखे दिसते आणि 'हाय' हे डुकराच्या अक्षरासारखे. नकलाकाराची नजर चुकली, आणि दिवसाच्या जागी डुकरे आली. पुढे 'लू' या राज्याचे नाव आणि मासा या अर्थाचे 'यू' हे अक्षर, ही तशीच फसवी जोडी या गोष्टीला जोडली गेली आणि चार अक्षरांचा वाक्प्रचार रूढ झाला : 'लू-यू-हाय-श'. नकलेतल्या चुकांसाठी तो आजही वापरला जातो.

या गोष्टीचा शेवट विसरण्यासारखा नाही. त्सश्याने तर्क बांधला आणि तो तिथेच थांबला नाही. जिनमध्ये पोचल्यावर त्याने चौकशी केली. तिथल्या लोकांनी सांगितले, होय, सैन्य जी-हायच्या दिवशीच नदी ओलांडून गेले.

आता ध चा मा. ३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस, भर दुपार, पुण्याचा शनिवारवाडा. थकलेल्या पगारासाठी चिडलेले गारदी शिपाई वाड्यात घुसले. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरगसिंग ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. नारायणराव पेशवे जीव घेऊन धावले ते काका रघुनाथरावांच्या दालनाकडे. काका वाड्यातच नजरकैदेत होते, आणि ती कैद पुतण्याच्याच हुकमाने होती. नारायणरावांना वाचवायला आडवे आलेले चाफाजी टिळेकर आणि नारायणराव, दोघेही तिथेच मारले गेले. त्या एका दुपारने मराठीला किती शब्द दिले ते पाहावे. 'काका, मला वाचवा' आज राजकीय बातम्यांचा मथळा होतो. 'रामशास्त्री बाणा' हा गौरव आहे. 'आनंदीबाई' ही घरातल्या महत्त्वाकांक्षी सुनेला दिलेली शिवी आहे. आणि 'ध चा मा'.

लोकांना ठाऊक असलेली हकिगत थोडक्यात अशी. रघुनाथरावांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला : नारायणरावांस धरावे. आनंदीबाईंनी तो कागद मधल्या मधे घेतला, ध च्या जागी मा केला आणि हुकूम झाला, नारायणरावांस मारावे. दोन्ही शब्दांचे 'रावे' सारखेच. बदल फक्त डोक्याशी.

ज्या काळात हे घडल्याचे सांगतात, तो काळ कागदाच्या बाबतीत भोळा नव्हता. बोरूने मोडी लिहिण्याआधी कारकून कागदभर रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरे एकमेकांना जोडून धावत. मजकूर संपला की शेवटी मोर्तब होई. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे होती, पेशव्यांच्या मोर्तबावर 'लेखनसीमा'. दोन्हींचा अर्थ एकच, मजकूर इथे संपला. या शिक्क्याखाली कुणी शब्द वाढवला तर तो खोटा. मजकुराच्या शेवटावर पहारा बसवला होता. ध चा मा होतो तो मजकुराच्या पोटात, जिथे पहारा नसतो. ही गोष्ट लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली त्याचे एक कारण हेही असावे. कागदावर विश्वास टाकून जगणाऱ्या दप्तरी समाजाची सगळ्यात मोठी भीती तिच्यात आहे.

ही गोष्ट छापील इतिहासात आली ती साताऱ्यामार्गे. जेम्स ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबाराशी त्याचा रोजचा संबंध. बखरी, कागद, जुन्या माणसांच्या आठवणी त्याने तिथे जमवल्या आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लंडनला प्रसिद्ध केला. नारायणरावांच्या वधाला तेव्हा ५३ वर्षे झाली होती.

ग्रँट डफचा तो परिच्छेद सावकाश वाचायला हवा, कारण त्यात तीन वेगवेगळ्या वजनाची विधाने शेजारीशेजारी आहेत. रामशास्त्र्यांनी चौकशी केली तेव्हा रघुनाथरावांनी धरण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले, मारण्याचा नाही, असे सांगतात, हे पहिले. मूळ कागद नंतर रामशास्त्र्यांच्या हाती लागला आणि त्यात धरावेचे मारावे केलेले आढळले, हे दुसरे. तो बदल आनंदीबाईंनी केला असा सार्वत्रिक समज आहे, हे तिसरे. ग्रँट डफला आनंदीबाईंविषयी यत्किंचितही सहानुभूती नाही, तिच्यासाठी तो जहरी विशेषण वापरतो. तरीही तिच्या नावापाशी येताना त्याने 'समज' हा शब्द ठेवला आहे. वाक्प्रचाराने तो शब्द गाळला. मजकुरातला एक शब्द काढून अर्थ फिरवणे याला मराठीत जे म्हणतात, तेच इथे झाले.

पहिले विधान तर आणखी बोलके आहे. 'मी धरावे म्हणालो होतो' हे म्हणणे कुणाचे? आरोपीचे. रघुनाथरावांच्या बचावाची ती कैफियत आहे. ध चा मा म्हणणारा प्रत्येक जण नकळत ती कैफियत मान्य करतो : नवऱ्याला पोराला फक्त धरायचे होते, बायकोने मारायला लावले. पगार न मिळालेल्या, हत्यारबंद, बिथरलेल्या शिपायांच्या हाती पेशव्याला धरण्याचा हुकूम देणे हाच केवढा अपराध आहे, हे मग कुणाच्या लक्षात येत नाही. पुतण्या गेल्यावर साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांनाच आली आणि ती त्यांनी अंगावर घेतली. संशयितांमध्ये सखारामबापू बोकिलांसारख्या मुत्सद्द्याचेही नाव घेतले गेले. भाषेने या सगळ्यांना सोडले आणि एका बाईला धरले.

रामशास्त्र्यांनी काय केले? रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे, जिथे वेण्णा कृष्णेला मिळते आणि जिथे थोरल्या शाहू छत्रपतींची समाधी आहे. वयाच्या विशीपर्यंत ते फारसे शिकले नव्हते, मग काशीला जाऊन बाळंभट पायगुंड्यांकडे शिकले आणि १७५९ मध्ये पेशव्यांचे न्यायाधीश झाले. खुनाच्या चौकशीनंतर ते रघुनाथरावांसमोर उभे राहिले आणि त्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितले, ते रघुनाथरावांना. सत्ता ज्याच्या हाती होती त्याला. मग पुणे सोडून ते निघून गेले आणि राज्य रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, हाती आल्यानंतर परतले. ज्या न्यायाधीशाच्या नावाने मराठी माणूस आजही शपथ घेतो, त्याचे बोट नवऱ्याकडे होते. त्याच मराठी माणसाच्या तोंडातल्या वाक्प्रचाराचे बोट बायकोकडे आहे. एकाच खटल्यातून निघालेले हे दोन वारसे एकमेकांना छेद देतात आणि कुणाला ते खटकत नाही.

असे का झाले याचे उत्तर कृष्णेच्या काठाने खाली आले की सांगलीत मिळते. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते हे गाव, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ मध्ये जन्मले तेही हेच. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये रंगभूमीवर आले. नारायणरावांच्या खुनावरचे हे नाटक लिहिताना खाडिलकरांपुढे शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' होता, हे समीक्षकांनी पुष्कळदा दाखवले आहे. कचरणारा नवरा आणि त्याला खुनाकडे ढकलणारी बायको हा साचा स्कॉटलंडच्या राजवाड्यातून शनिवारवाड्यात आला. नाटक म्हणून ते जबरदस्त आहे. रामशास्त्र्यांचा प्रवेश आजही अंगावर काटा आणतो. पण प्रेक्षक नाट्यगृहातून घरी जाताना नाटक आणि इतिहास अशी दोन गाठोडी बांधून नेत नाही. पुढे १९४४ मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदार रामशास्त्री झाले, ललिता पवार आनंदीबाई. त्या चेहऱ्याने उरलेली शंकाही मिटवली. नाटककाराला पात्र घडवण्याचा पूर्ण हक्क आहे. त्या पात्राला पुरावा समजणे ही प्रेक्षकाची चूक.

पुरावा शोधणारी माणसेही याच मुलखात होती. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. पटवर्धन सरदारांच्या घरची मोडी पत्रे वाचता वाचता त्यांचा जन्म गेला आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड निघत गेले. पटवर्धनांचे पुण्यातले कारकून जे पाहत, ऐकत, ते धन्याला लिहून कळवत. त्यातली कुठली गोष्ट डोळ्यांदेखत घडलेली आणि कुठली बाजारगप्प, हे ती पत्रेच सांगत. शास्त्रीबुवा गुहागरचे, आणि आनंदीबाईंचे ओकांकडचे माहेरही त्याच परिसरातले. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी तोच ध्यास घेतला. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथले दप्तर पारसनिसांनी मिळवले, साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे केले, आणि तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. या सगळ्या रुमालांमधून नाना, हरिपंत, सखारामबापू असे त्या काळचे मुत्सद्दी बोलतात. ध पुसून मा केलेला तो कागद मात्र अभ्यासकांसमोर नाही. ग्रँट डफने त्याचा उल्लेख केला, कागद दाखवला नाही.

आनंदीबाई निर्दोष होत्या असे यातून सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. नवऱ्याच्या राजकारणात त्या पुरत्या गुंतलेल्या होत्या. हुशार होत्या, हट्टी होत्या. खून झाला त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १७७५ च्या जानेवारीत, धारच्या किल्ल्यात त्यांनी दुसऱ्या बाजीरावाला जन्म दिला, तोही पळापळीच्या काळात. त्यांच्यावर आरोप आहे. तो आरोप म्हणूनच सांगायला हवा. शाळेच्या पुस्तकांमागून, नाटकांमागून, गप्पांमागून वाक्प्रचार पिढ्यानपिढ्या चालत आला आणि वाटेत कुठेतरी आरोपाचा निकाल झाला.

गैरवापर असा दुहेरी आहे. एकीकडे हा वाक्प्रचार बाबूचा बापू करण्याइतका स्वस्त झाला, आणि सरकारी नोंदीत जाणूनबुजून फिरवलेल्या नावालाही 'अहो, ध चा मा झाला असेल' म्हणून झाकता येऊ लागले. बांधावरच्या भांडणात ज्यांची जमीन गेली त्यांना या झाकण्याची किंमत नीट कळते. दुसरीकडे एका बाईपुरता तो इतका महाग राहिला की अडीचशे वर्षांनीही तिला संशयाचा फायदा मिळत नाही. चूक असेल तिथे चूक म्हणावे, सातबाऱ्यावरचा 'लेखनप्रमाद' हा चांगला मराठी शब्द आहे. कुणी मुद्दाम अक्षर फिरवले असेल तर खुशाल ध चा मा म्हणावे, जोरात म्हणावे. त्या वेळी तो वाक्प्रचार आपल्या कामावर असतो. आणि आनंदीबाईंचे नाव त्याला जोडताना ग्रँट डफने ठेवलेला तो एक शब्द परत जागेवर ठेवावा.

राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते. तिथे बसणाऱ्यांत वकील असतात, निवृत्त शिक्षक असतात, घरचे जुने कागद वाचता यावेत म्हणून आलेली शेतकऱ्यांची मुले असतात. आधी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरे गिरवायची. ध गिरवून होतो, म गिरवून होतो, काना लावून होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारते, "सर, पण हे खरंच असं बदलता येतं का?" सर खडू पुढे करतात. तो मुलगा उठून फळ्यावर 'धरावे' लिहितो, थोडा मागे सरकून बघतो, आणि पहिल्या अक्षरापाशी खडू टेकवतो.