दुर्कस हे नाव आता शोभेल का?

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये 9:36-42



तीन आठवड्यांपूर्वी प्रभूने आमच्या घरात एक मुलगी दिली. माझ्या भाच्याची, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलाची, ही पहिली लेक. तेव्हापासून घरात एकच विषय, नाव काय ठेवायचं. माझ्या मनात तर नाव ठरलेलंच होतं. माझ्या आईचं नाव, दुर्कस. चार वर्षांपूर्वी आई प्रभूकडे गेली. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच मी म्हणून टाकलं, "आपली दुर्कसबाई परत आली."

भाचेसून तेव्हा काही बोलली नाही. मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर हळूच म्हणाली, "आत्या, आजींचं नाव चांगलंच आहे हो. पण आत्ताच्या मुलीला ते शोभेल का? वर्गातली पोरं 'दुर्कस कर्कश' करून चिडवतील. जन्मभर सगळ्यांना नाव दोनदा सांगत बसावं लागेल तिला."

मला राग आला. मी म्हणाले, "मायरा, कियारा चालतं, आणि शास्त्रातलं नाव चालत नाही? आमच्या आईची लाज वाटते का तुला?" ती बाळाला घेऊन आत गेली. भाचा माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्यानंतर चार दिवस फोन नाही.

आणि आज सकाळी वाचनाच्या क्रमात नेमका हाच भाग आला. मला वाटलं, प्रभू माझ्या बाजूने बोलतोय. पण वाचत गेले तसं उलटंच झालं.

हा शास्त्रभाग आपल्याला पाठ आहे. यापो गावातली एक विश्वासू बाई. मूळ ग्रीक भाषेत 'शिष्य' या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप संपूर्ण नव्या करारात एकदाच येतं, आणि ते हिच्यासाठी. गोरगरिबांना ती मदत करायची, विधवांना कपडे शिवून द्यायची. ती आजारी पडून मेली. यापोच्या शिष्यांनी लोद गावी दोन माणसं पाठवून पेत्राला बोलावून घेतलं.

आता बघा, लूक तिची ओळख करून देताना पहिल्याच ओळीत दोन नावं देतो. तबिथा हे अरामी नाव, तिच्या घरच्या बोलीतलं. दुर्कस हे त्याचंच ग्रीक भाषांतर. दोन्हींचा अर्थ हरिणी. म्हणजे ज्या नावासाठी मी भांडले, ते मुळात ग्रीक वाचकांना अर्थ कळावा म्हणून सांगितलेलं नाव! लूकला वाटलं नाही की नाव दुसऱ्या भाषेत सांगितलं तर त्या बाईचा मान कमी होईल. आमच्या मंडळीत दुर्कस हे 'जुनं' नाव झालं, पण एके काळी तेच नाव सोपं करून सांगितलेलं होतं.

दुसरी गोष्ट. पेत्र माडीवर गेला तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या. त्यांनी त्याला काय दाखवलं? तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं. तिचं नाव पुढे चालवा असं कोणी म्हणालं नाही. तिच्या हातचं काम त्यांच्याजवळ होतं, तेच त्यांनी पुढे केलं.

माझी आईसुद्धा शिवायची. मंडळीत कोणाच्याही बाळाचा बाप्तिस्मा असो, झबलं-टोपडं आईच्या मशीनवरचं. ती गेल्यावर ते मशीन मी घरी आणलं, त्यावर चादर घातली आणि वर टीव्ही ठेवला. चार वर्षांत एकदाही चादर काढली नाही. म्हणजे आईचं काम मी झाकून ठेवलं, आणि तिचं नाव मात्र तीन आठवड्यांच्या लेकराने चालवावं म्हणून हट्ट धरला.

तिसरी गोष्ट लिहायला जड जातं, पण लिहिते.

1978 साली मी शिक्षिकेच्या कोर्सला होस्टेलवर होते. मुलींनी आईचं नाव विचारलं. मी सांगितलं, "दया." दुर्कस म्हणायची लाज वाटली. महिन्याभराने आई डबा घेऊन भेटायला आली. एक मुलगी म्हणाली, "तुम्ही दयाकाकू ना?" आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "हो गं, दयाच म्हणतात मला." पुढे आयुष्यभर तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. क्षमा मागायची राहूनच गेली.

आज पेत्राबद्दल वाचताना तेच आठवलं. अंगणातल्या शेकोटीजवळ आपल्या प्रभूला ओळखत नाही असं तीनदा म्हणणारा हाच तो पेत्र. आपल्या माणसाला नाकारण्याचं दुःख त्याच्याइतकं कोणाला माहीत? प्रभूने त्याला क्षमा केली, आणि त्याच तोंडाने पुढे यापोत त्याने एका मेलेल्या बाईला तिच्या घरच्या नावाने हाक मारली. ती उठून बसली.

मला कळलं, भाचेसुनेला मी जे विचारलं, "लाज वाटते का तुला?", तो प्रश्न खरं तर मलाच होता. पंचेचाळीस वर्षांहून जुनं माझं देणं मी त्या पाळण्यातल्या बाळाच्या नावाने फेडायला निघाले होते. असं देणं लेकराच्या डोक्यावर ठेवायचं नसतं. ते वधस्तंभापाशी ठेवायचं असतं.

मग जुनं नाव ठेवूच नये का? तसंही नाही. शास्त्रात दोन्ही बाजू दिसतात. होशेय संदेष्ट्याच्या मुलीचं नाव लो-रुहामा होतं. अर्थ असा, की जिच्यावर दया झाली नाही ती. लोकांच्या पापाविषयीचा देवाचा इशारा त्या नावात होता. पण पुढच्याच अध्यायात देव तो नकार काढून टाकतो आणि रुहामा म्हणायला सांगतो. आपल्याकडे मुलगी नको म्हणून 'नकुसा' नाव ठेवायची रीत होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींना कार्यक्रम करून नवीन नावं दिली गेली. ज्या नावातच लेकराचा नकार आहे ते कितीही जुनं असो, ते बदलावं. दुर्कस तसं नाव नाही. ते केवळ जुनं आहे. जुनेपणा हा दोष नाही, तसा तो हक्कही नाही.

आणि नाव शास्त्रातलंच हवं असाही नियम नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नारायणच राहिले. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये घेतला, त्याही लक्ष्मीच राहिल्या. प्रभूने त्यांना त्याच नावांनी वापरलं.

ठरवायचं कोणी, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात बघा. आठव्या दिवशी शेजारी आणि नातलग जमले. बापाचंच नाव, जखऱ्या, ठेवायला ते निघाले होते. अलीशिबेने स्पष्ट सांगितलं, नाव योहान. यावर नातलग काय म्हणाले? तुमच्या घराण्यात या नावाचं कोणी नाही! आणि त्या आईला बाजूला ठेवून ते बापाला खुणा करू लागले. आजवर हे वाचताना मी स्वतःला अलीशिबेच्या शेजारी उभी समजत होते. आज दिसलं, मी त्या नातलगांच्या घोळक्यात उभी आहे. देवाने ठरवलेलं नाव त्या आईच्या तोंडून आलं होतं, आणि घराण्याचा आग्रह धरणाऱ्यांना ते ऐकूच आलं नाही.

तुमच्याही घरी असा वाद असेल तर घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण बाळाचं नाव त्या नोंदीत बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येतं. म्हणजे प्रार्थना करायला वेळ आहे. आजी-आत्यांनी आपल्या आवडीचं नाव एकदा सांगावं, त्यामागची गोष्ट सांगावी, आणि मग गप्प बसावं. आईबापांनीही ती गोष्ट ऐकून घ्यावी. नाव ठेवलं नाही तरी गोष्ट ठेवता येते. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. ज्या मुलीने होस्टेलवर आईचं नाव लपवलं, तिच्या नातीच्या प्रत्येक कागदावर आईचं नाव असणार. यातही मला प्रभूची कृपाच दिसते.

वाचन संपल्यावर मी फोन केला. भाचेसुनेने उचलला. मी म्हणाले, "बाळा, माझं चुकलं. तुला लाज वाटते असं मी म्हणायला नको होतं. लाज मला वाटली होती." आणि होस्टेलची सगळी गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, हे आजींनी कधीच कोणाला सांगितलं नाही?" मी म्हणाले, "नाही." ती रडत होती, मीही.

नाव अजून ठरलेलं नाही. मी विचारलंही नाही. दुपारी टीव्ही खाली उतरवला, चादर काढली, मशीनला तेल घातलं. पट्टा बदलावा लागला. पांढरं मलमल आणलंय. हात अजून बसलेला नाही, एक बाही दोनदा उसवली. पुढच्या महिन्यात बाप्तिस्म्याला पाळकसाहेब जे नाव उच्चारतील त्याला मी मोठ्याने आमेन म्हणणार आहे, आणि बाळाच्या अंगात आईच्या मशीनवरचं झबलं असेल.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आम्हाला आमच्या नावाने ओळखतोस आणि आमच्या लाजेसकट जवळ घेतोस. आम्ही ज्यांना नाकारलं त्यांच्याबद्दल आम्हाला क्षमा कर. आमची ओझी लेकरांवर टाकू देऊ नकोस. आमच्या घरातल्या या चिमुकलीला तुझ्या नावाची कर, मग तिचं नाव काहीही असो. आमेन.