मंगळ जवळ आला तेव्हा



२७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता आणि २२८७ पर्यंत पुन्हा येणार नाही. जगभर वेधशाळांनी व आकाशप्रेमींनी लोकांसाठी दुर्बिणी मांडल्या, रांगा लागल्या. आपल्या किनारपट्टीवर ऑगस्ट म्हणजे ढगांचाच महिना.

त्यानंतर कित्येक वर्षे ऑगस्ट आला की ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ असा निरोप फिरत असे. मूळ मजकुरात एक अट होती : दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला, तर. अट गळाली, अफवा उरली. (गावातल्या बातम्यांचेही असेच होते, हे काय सांगावे?)

दुर्बिणीला प्रथमच डोळा लावणाऱ्याची बहुधा निराशा होते. दिसते ती थरथरणारी नारिंगी टिकली. डोळा न हलवता थांबले, हवा क्षणभर स्थिर झाली, की काळसर डाग आणि ध्रुवाजवळचा पांढरा ठिपका उमटतो. पण मागे रांग असते. मग पुष्कळजण काहीच न दिसता “दिसला, दिसला” म्हणून बाजूला होतात.

मंगळाकडे असे चिकाटीने पाहणाऱ्यांत आपले एक धर्मगुरू होते, येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की. रोममधील संत इग्नाती चर्चचा नियोजित घुमट कधी बांधलाच गेला नाही. तो पेलण्यासाठी उभारलेल्या भक्कम खांबांच्या आधारे त्यांनी छतावर वेधशाळा उभी केली. १८५८ मध्ये मंगळावरील एका डागाला त्यांनी ‘कानाले’ म्हटले. १८७७ मध्ये मिलानच्या स्कियापारेल्ली यांनी तोच शब्द बारीक रेषांसाठी वापरला. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नैसर्गिक खाचही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे ‘कालवे’ झाले. अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ पासून वर्षानुवर्षे ते कालवे पाहिले, रेखाटले आणि ते खोदणारे बुद्धिमान जीवही मानले. लोवेल खोटे बोलत नव्हते. त्यांना ते खरोखरच दिसत होते! ग्रिनिचच्या माँडर यांनी शाळकरी मुलांना काही अंतरावरून नुसत्या ठिपक्यांचे चित्र दाखवले, तर मुलांनी सरळ रेषा काढल्या. अखेर जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ यानाने छायाचित्रे पाठवली. कालवे नव्हतेच, होती ती विवरे.

आम्ही घरभेटींना जातो तेव्हा असे कालवे पुष्कळ पाहतो. एका अंगणात दोन भावांची घरे, मध्ये कुंपण. “फादर, त्याला आम्ही लहानपणापासून ओळखतो, तो तसाच आहे.” तीन-चार ठिपके असतात : वाटणीच्या वेळचा एक शब्द, लग्नात न आलेले पान, आईच्या आजारपणातील एक दिवस. त्यांना जोडणारी रेघ आपण ओढलेली असते. आणि इथे अंतर कोट्यवधी किलोमीटरचे नाही, दहा पावलांचे आहे. त्यामुळेच आपल्याला इतकी खात्री वाटते.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील बेथसैदाचा आंधळा आठवा. ही हकीकत फक्त मार्क सांगतो. प्रभू येशूने हात धरून त्याला गावाबाहेर नेले, डोळ्यांना स्पर्श केला व काय दिसते ते विचारले. माणसे चालत्या झाडांसारखी दिसत होती. साक्षात प्रभू समोर. भिडेखातर “दिसले” म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने अंधुक दिसते तसेच सांगितले. त्याला त्याबद्दल बोलणी बसली नाहीत. प्रभूने पुन्हा हात ठेवले आणि त्याला स्पष्ट दिसू लागले.

ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण शांतीची खूण देतो, तेव्हा कोणत्या बाकाकडे वळायचे टाळतो, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. त्या चेहऱ्याविषयी प्रभूला एवढे तरी सांगता येईल की मला नीट दिसत नाही.

त्या आंधळ्याला झाडे ठाऊक होती, म्हणजे पूर्वी कधीतरी त्याला दिसत असावे. प्रभूने त्याला घरी पाठवले. घरच्यांचे चेहरे त्याने किती वर्षांनी पाहिले, ते मार्क लिहीत नाही.

आपले धर्मगुरू